खोड सांगितलेलं जनावर

अक्कांवर मी पहिल्यांदा चिडलो तो त्यांच्या दारातच. अजून चप्पलही काढली नव्हती.

कमलनगरच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. माझ्या गावाहून, चिंताकीहून, रोज ये-जा करणं जमण्यासारखं नव्हतं. जीप भरली की सुटणार, आणि ती कधी भरणार हे जीपवाल्याच्या देवालाही ठाऊक नसायचं. म्हणून खोली शोधत होतो. सकाळपासून ज्या ज्या दारात गेलो तिथं एकच प्रश्न. "सर, कोण म्हणायचं तुम्ही?" मी नाव सांगायचो. "ते झालं. पण म्हणजे कोण?" बौद्ध म्हणून सांगितलं की घरमालकाचा भाचा नेमका त्याच आठवड्यात राहायला येणार असायचा. इतके भाचे एका गावात एकदम राहायला आले असते तर शाळेला वर्ग पुरले नसते. दुपारपर्यंत माझं डोकं पार तापलं होतं.

शेवटी स्टेशनकडच्या गल्लीत एका घरापुढं उभा राहिलो. इरकली लुगडं नेसलेल्या, हाडापेरानं मोठ्या एक बाई अंगणात शेळीचा खूर मांडीवर घेऊन चाकूनं साफ करत बसल्या होत्या. खोली आहे का म्हणून विचारलं, तर मान वर न करता त्या म्हणाल्या, "आजार कोणता हाय?"

"कुणाला?"

"तुमालाच की. खोली तुमालाच पायजे न्हवं?"

मी भडकलो. म्हणालो, "जात विचारा की आधी. गावभर तेच विचारायलेत सगळे."

तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. "जात काय अंगाला लागत न्हाई, सर. खरूज लागती. खोकला लागतो. आजार सांगा."

"मुतखडा," मी तिरसटासारखं म्हणालो.

"तो लागत न्हाई. या आत."

आत गेल्यावर त्यांनी मला खोली दाखवली नाही, खोलीच्या खोडी दाखवल्या. ह्या कोपऱ्यात गळतं. ह्या फडताळाखाली गेल्या साली विंचू निघाला, त्याची जोडीदारीण अजून सापडली न्हाई. शेजारचा गडी पिऊन आला की शिव्या देतो, तुमाला न्हाई, त्याच्या बायकूला. पाणी मचूळ हाय, मुतखड्याला वाईट. मला बीपी हाय, साखर हाय, पहाटं उठून मी मोठ्यानं खाकरते. काळी शेळी तुमची पुस्तकं खाईल. "आता बोला. घेता का?"

"घेतो."

"मग घेतलं. उद्या गळायलंय म्हणून माझ्याकडं यायचं न्हाई. सांगितलेली खोड परत येत न्हाई."

हे शेवटचं वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं, की वर्गात गणित चुकलेल्या पोरांनाही तेच ऐकवायला लागलो.

अक्का धनगराच्या. घरात मेंढरं होतीच, पण त्यांच्या वडिलांचं नाव होतं ते बैलांच्या पारखीत. मन्नाएखेळ्ळीपासून उदगीरपर्यंतचे बाजार त्यांनी पायी केले. अक्कांना भाऊ नव्हता. म्हणून लहानपणी बापाबरोबर बाजारात कासरा धरून उभं राहायचं काम त्यांच्याकडं. त्या सांगायच्या, विकणाऱ्यानं दावं हातात देण्याआधी जनावराची खोड चारचौघांत मोठ्यानं सांगायची, हा रिवाज. मारकं असेल तर मारकं, बसकं असेल तर बसकं. घेणारा दात बघणार, खूर बघणार, शेपूट उचलून बघणार. पाहिजे तर भाव पाडणार, नको असेल तर पुढं जाणार. पण खोड ऐकून एकदा टाळी दिली आणि दावं हातात घेतलं, की जनावर त्याचं. उद्या ते नांगराला बसलं तरी तक्रार घेऊन यायचं नाही. आणि न सांगितलेली खोड निघाली, तर विकणाऱ्यानं भर बाजारात जनावर माघारी घ्यायचं आणि त्या बाजारात पुन्हा मान वर करायची नाही. "सांगून दिलं ते दान, लपवून दिलं ती घाण," असं त्यांचे वडील म्हणत. अक्कांनी सगळं जग ह्या एका रिवाजावर तोललं.

महिनाभरात अख्ख्या कमलनगरला माझा मुतखडा माहीत झाला. किराणा दुकान असो की पिठाची गिरणी, माझी ओळख ठरलेली. "हे आमचे सर. गणित शिकवतात. मुतखडा हाय." शाळा तपासायला आलेले साहेब रस्त्यात भेटले, तर त्यांनाही तेच, त्याच चालीत. पोरं पाठीमागं मला 'खडा सर' म्हणायला लागली. एक दिवस मी अंगणात उभा राहून कडाकडा भांडलो. अक्का शेळीची धार काढत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "खोटं सांगितलं का?"

"खोटं नाही. पण सांगायचंच कशाला?"

"उद्या रस्त्यात पडलाव तर उचलणाऱ्याला कळाय नगं?"

आणि झालंही तसंच. एका दुपारी बसस्टँडवर कळ आली आणि मी वाकडातिकडा होऊन खाली बसलो. ज्याच्याशी मी आयुष्यात एक शब्द बोललो नव्हतो तो पानटपरीवाला "सरांचा खडा उठला, खडा उठला" असं ओरडत धावला, जीप अडवली आणि मला दवाखान्यात नेलं. याचा मला आणखीच राग आला, कारण त्यानंतर अक्कांशी भांडायला तोंडच उरलं नाही.

गल्लीतल्या एका बाईनं त्यांना टोकलं होतं, "अक्का, ह्या लोकांना खोली दिलीस व्हय?" अक्का म्हणाल्या, "त्यांची खोड मला म्हाईत हाय. तुझी अजून सांगायचीस तू." मी खिडकीतून ऐकत होतो. त्या दिवसापुरता मी मुतखड्याचं सगळं माफ केलं.

माझं लग्न ठरायच्या वेळी सासरे चौकशीला आले, तर मी शाळेतून यायच्या आत अक्कांनी त्यांना अंगणात गाठलं होतं. मुतखडा हाय, रागीट हाय, घोरतो, पगारातला निम्मा भाग पुस्तकावर घालवतो. आता बघा. सासरे बिचारे चहा न पिता तसेच बसून होते. मग म्हणाले, एवढंच असेल तर चालेल. माझी बायको आजही घोरण्यावरून भांडताना म्हणते, "अक्कांनी सांगितलं होतं म्हणून गप बसते."

ह्या वेडामागं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. अक्कांच्या स्वतःच्या लग्नात खोड लपवली होती. नवऱ्याला फेफरं यायचं. अंगावरची हळद उतरायच्या आत त्याला चुलीपुढं झटका आला, आणि सासरच्या बायका म्हणाल्या, नव्या सुनेचा पायगुण. "माणूस देवावानी हुता," अक्का म्हणायच्या. "मला आधी सांगितलं असतं तरी मी आलेच असते. पण डोळं उघडं ठिवून आले असते." पुढं तो रेल्वेत रुळावरच्या कामाला लागला. नोकरी जाईल म्हणून घरच्यांनी तिथंही आजार सांगू दिला नाही. एका दुपारी विहिरीवर पाणी प्यायला वाकला आणि झटका येऊन आत गेला. बरोबरचे लोक काठावर भाकरी खात बसले होते. त्यांना वाटलं, गडी पोहायला उतरला.

हे सांगताना अक्का रडायच्या नाहीत, दातओठ खायच्या. मला त्यांच्या रागाचं मोल तेव्हापासून कळलं. माणसं लाजेपायी, नोकरीपायी, सोयरिकीपायी तोंड शिवून बसतात, आणि मग काठावर बसलेल्यांना वाटतं की बुडणारा पोहतोय.

पण ह्याच तोंडानं त्यांनी आपल्या एकुलत्या एक लेकीला छळलं, हेही खरं. लेकीला दमा होता. पहिलं स्थळ औरादकडून आलं, दुसरं उदगीरहून. दोन्ही वेळा पाहुण्यांच्या ताटलीत पोहे पडायच्या आधी अक्का उभ्या राहिल्या. "पोरीला दमा हाय. थंडीत वाढतो. औषध चालू हाय. आता पोहे खावा." पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पाणी प्याले आणि गेले. दुसऱ्या स्थळानंतर पोरगी आईशी बोलायचीच बंद झाली. काही सांगायचं असलं तर काळ्या शेळीला सांगायची. "काळे, तुझ्या मालकिणीला म्हण भाकरी झाली." अक्काही शेळीलाच म्हणायच्या, "काळे, तिला म्हण मीठ कमी पडलंय." मी मधे पडायला गेलो तर दोघी मिळून माझ्यावर आल्या.

तिसरा मुलगा गुलबर्ग्याचा. मस्कतला एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायच्या कामावर होता. अक्कांचं भाषण त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "माझ्या आईलाही होता. दम लागल्यावर पंप कसा द्यायचा ते मला येतं." मग पोहे मागून घेतले. अक्कांनी भर बैठकीत उजवा हात पुढं करून त्याच्याकडून टाळी घेतली. लग्न झालं. निघताना पोरगी आईच्या गळ्यात पडली नाही. फक्त म्हणाली, "आई, आता माझ्याबद्दल कुणाला काही सांगू नकोस. एवढं कर."

त्यानंतरच्या वर्षांत तिचे फोन आले ते फक्त 'बरं आहे'चे. बरं आहे, सगळं बरं आहे, तू कशी आहेस, ठेवते. आईपाशी आजाराचं अवाक्षर काढायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. तिचं दोनदा पोट पडलं होतं हे अक्कांना जावयाकडून कळलं, तेही वर्षानं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बघा सर. माझ्याच पोटचं, आणि मलाच खोड सांगत न्हाई."

मग एक दिवस, गावात ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला होता त्या काळात, पोरीचा फोन आला. पुन्हा दिवस गेले होते, या वेळी टिकले होते, पण दमा वाढला होता. ती म्हणाली, "आई, तू ये. मला भ्या वाटायलंय." फोन ठेवून अक्का अंगणात आल्या आणि शेळ्यांना, कोंबड्यांना, मला, भिंतीपलीकडच्या शेजारणीला एकदमच सांगायला लागल्या. "बोलावलं. मला बोलावलं. भ्या वाटायलंय म्हणली!" लेकीला भीती वाटते ह्याचा एवढा आनंद झालेली आई मी दुसरी बघितली नाही.

जावयानं एकच अट घातली, प्रवासाचा विमा काढल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. आदल्याच वर्षी अक्कांच्या छातीत कळ येऊन त्यांना लातूरला न्यावं लागलं होतं, आणि परदेशातल्या दवाखान्याचा खर्च पगारदार माणसाला बुडवतो हे तो बघत होता. त्याचं चुकलं नव्हतं. म्हणून मी अक्कांना घेऊन बीदरच्या एजंटाकडं गेलो.

एजंट गोड बोलणारा होता. अक्कांचं नाव, वय लिहून झालं आणि पेन न उचलता तो म्हणाला, "आधीचा आजार काही नाही."

"थांब. कामून न्हाई?"

"अक्का, सगळे नाहीच लिहितात. हौ म्हणलं की कटकट वाढते."

"तू दुसऱ्याचं सांगू नगंस. माझ्या खोडी ऐकून घे." आणि त्यांनी सुरू केलं. बीपी, किती सालापासून. साखर, कोणती गोळी. छातीतली कळ, लातूरच्या डॉक्टरानं काय सांगितलं. डावा गुडघा. रात्री किती वेळा उठावं लागतं तेही सांगितलं. बाकड्यावर बसलेली गिऱ्हाइकं माना वळवून ऐकत होती. एजंटानं कपाळाला आठ्या घालत सगळं लिहिलं. डॉक्टरचा दाखला मागवला गेला, हप्ता वाढला, आणि कंपनीनं विमा मंजूर केला.

मी कागद वाचला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की जे आजार आधीपासून आहेत ते आणि त्यांच्यामुळं जे काही होईल ते, ह्याची जबाबदारी कंपनीवर नाही. तिथंच अक्कांना मराठीत समजावून सांगितलं. हृदय नाही, बीपी नाही, साखर नाही, त्यातून निघणारं काहीच नाही.

अक्का हसल्या. "मग विमा कशाचा काढलाव, माझ्या लुगड्याचा? सर, तुमाला इंग्रजी येतं, बाजार येत न्हाई. खोड सांगितली, त्यांनी ऐकली, भाव वाढवला, पैसे घेतले. आता कसं न्हाई म्हणतील?" त्या एजंटाकडं वळल्या. "कारं, कंपनीनं ऐकून घेतलंय न्हवं सगळं?"

"ऐकलं की, अक्का. सगळं रेकॉर्डवर आहे."

अक्कांनी उजवा हात पुढं केला. त्यानं हसत हसत टाळी दिली. त्या माणसानं एक अक्षर खोटं सांगितलं नाही आणि एक अक्षर खरंही सांगितलं नाही. असली माणसं माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जातात. चोर निदान भिंत फोडायचे तरी कष्ट घेतो.

अक्का गेल्या. हैदराबादच्या विमानतळावर सामान तोलणाऱ्या मुलीलाही त्यांनी आपली साखर आणि छातीतली कळ सांगितली, आणि ती पोरगी घाबरून कुणाला तरी बोलवायला निघाली होती. मी समजूत काढली. काचेपलीकडं जाताना त्यांनी वळून हात केला. काखेतल्या पिशवीत बाळंतिणीसाठी डिंक, खारीक आणि अळीव होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, थोडं जावयाच्या फोनवरून, थोडं अक्कांकडून. लेकीचे दिवस भरत आले होते. अक्का स्वयंपाकघरात लाडू वळताना खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. दवाखान्यात नेलं, तिथले डॉक्टर म्हणाले, लगेच उपचार करावे लागतील. जावयानं कंपनीला फोन लावला. कंपनीनं कागद काढला आणि सांगितलं, हा आजार तर तुम्हीच लिहून दिलाय, आम्ही बांधील नाही. जावई म्हणाला, मी काय वाटेल ते विकतो पण ह्यांना ठेवून घ्या. आणि आठ महिन्यांची पोटुशी लेक, धापा टाकत, आईच्या खाटेशी उभी राहून म्हणाली, "लिहायचं नव्हतंस ना आई. एकदा, एकदाच तोंड बंद ठेवायचं होतंस. माझ्यासाठी."

कळ थांबल्यावर अक्कांनी एकच हट्ट धरला, मला गावाकडं धाडा. डॉक्टर नको म्हणत होते, जावई पाया पडला, पण त्यांनी जेवण सोडलं. शेवटी सही घेऊन त्यांना सोडलं. ज्या घडीसाठी त्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या, ती घडी यायच्या आत परत आल्या. पोरीच्या भ्यायच्या वेळी तिच्याजवळ आई नव्हती. कंपनीच्या कागदात ह्या नुकसानीला जागाच नव्हती.

हैदराबादला मी न्यायला गेलो. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या अक्का निम्म्या झाल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "जनावर परत आलं, सर."

मला झोप लागेना. बीदरच्या एजंटाकडं गेलो तर तो गल्ल्यावरून उठून आत गेला आणि त्याचा माणूस म्हणाला, साहेब बाहेरगावी. तेव्हा अक्काच म्हणाल्या, "मोठ्या दुकानात जाऊ." म्हणून अंगात थोडी ताकद आल्यावर आम्ही गुलबर्ग्याच्या कचेरीत गेलो. साहेबानं बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, कागद उघडून शांतपणे समजावलं. आजी, हे बघा, इथं स्पष्ट लिहिलंय.

अक्कांनी चहाला हात लावला नाही. "साहेब, मी सगळ्या खोडी सांगितल्या का न्हाई?"

"सांगितल्या की. म्हणूनच तर—"

"तुमी ऐकलाव का न्हाई?"

"ऐकल्या."

"भाव वाढवलाव. पैसे घेतलाव. टाळी दिलाव. मग आता जनावर माघारी कामून पाठवायलाव?"

"आजी, नियम तसा आहे. आधीच्या आजाराचं आम्ही बघत नाही."

"मग इचारलाव कामून?" अक्कांचा आवाज चढला. बाजूच्या टेबलांवरचं काम थांबलं. "घ्यायचं नव्हतं तर दात कामून बघितलाव? शेपूट कामून उचललाव माझं? बाजारात बी असं करत न्हाईत. नगं असलं तर पुढं जात्यात. तुमी दात बघता, पैसे घेता आणि दावं बी हातात घेत न्हाई!"

साहेबानं कागद मिटून फाइलीत घातला. तो वाईट माणूस नव्हता, आणि ह्याचाच मला जास्त संताप येतो. वाईट असता तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळा झालो असतो. आम्ही निघालो तर तो पाठोपाठ जिन्यापर्यंत आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले आहात. लिहू द्यायचं नव्हतं. लिहिलं नसतं तर एखादवेळी बिल निघूनही गेलं असतं."

मी त्याची कॉलर धरली. काय काय बोललो ते आठवत नाही, पण वॉचमन वर धावत आला. अक्कांनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "सोडा सर. त्यानं त्याची खोड सांगितली. उशिरा सांगितली, पण सांगितली."

बसमध्ये शेजारच्या बाईनं तब्येतीचं विचारलं, तर अक्का डोळे मिटून खिडकीला टेकल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

लग्नानंतर मी मागच्या दोन खोल्यांत गेलो होतो; माझी जुनी पुढची खोली बघायला त्यानंतरच्या आठवड्यात एक बँकेतला मुलगा आला. मी अंगणात पेपर तपासत होतो आणि गंमत बघायची म्हणून पेन खाली ठेवलं. अक्का म्हणाल्या, "आगाऊ भाडं द्या, चावी घ्या." बस्स. आजार विचारला नाही, विंचू सांगितला नाही. पावसात त्याच्या गादीवर धार लागली तेव्हा तो माझ्याकडं भांडायला आला, की तुम्ही जुने भाडेकरू, आधी सांगायचं तरी. मी त्यालाच झापलं. काय कारण होतं? काही नाही. त्याचं बरोबर होतं म्हणून झापलं.

आणि एका सकाळी मस्कतहून फोन आला. अक्का फोन कानाला लावून बराच वेळ नुसत्या 'व्हय, व्हय' म्हणत होत्या. ठेवल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"मुलगा. चांगला हाय. बाळंतीण बी चांगली हाय."

मी थांबलो. मला वाटलं आता वजन, कावीळ, टाळू, लेकीचा दमा, सगळं रांगेनं येईल. अक्का उठून शेळीला पाणी पाजायला गेल्या. मी शाळेत पेढे वाटले. मनात म्हणालो, खरोखरच सगळं चांगलं असेल.

पोर दीडेक वर्षाचं झालं तेव्हा लेक त्याला घेऊन आली. मी बघायला गेलो. पोर गोरंगोमटं, हसरं. पण एक पाऊल जन्मापासून आत वळलेलं, त्यावर प्लॅस्टर घालून घालून आता लोखंडी पट्टीचा बूट चढवलेला. बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. लेक मला बाजूला घेऊन सांगत होती, आणि सांगताना तिचा चेहरा उजळला होता. "जन्मला त्याच दिवशी मी आईला फोनवर सगळं सांगितलं, सर. पाय सांगितला, माझा दमा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा काहीच लपवलं नाही. आणि म्हणाले, आई, कुणाला सांगू नकोस. तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. तुम्हालासुद्धा नाही! माझी आई बदलली, सर."

ती आनंदानं सांगत होती, तिला काय बोलणार? कंपनीनं पैसे बुडवले, ते एक वेळ सोडून देईन. पण एका शेपूट न घालणाऱ्या बाईला त्यांनी गप बसायला शिकवलं. नवऱ्याच्या विहिरीनं, दोन मोडलेल्या सोयरिकींनी, लेकीच्या अबोल्यानं जे झालं नाही, ते बारीक अक्षरातल्या एका कलमानं करून दाखवलं.

अक्का ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "अक्का, त्या दिवशी तुम्ही चांगला हाय म्हणालात."

"चांगलाच हाय की."

"पायाचं सांगितलं नाहीत."

त्यांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. "सांगून काय व्हतंय, सर. दात बघत्यात. घेत कुणी न्हाई."

तेवढ्यात शेजारीण तिच्या पाहुणीला घेऊन पोर बघायला आली. पावलं वाजली तशी अक्कांनी पदर ओढून पोराच्या पायांवर टाकला आणि वरून हात ठेवला. पाहुणीनं पोराचा गालगुच्चा घेतला, चालतंय का म्हणून विचारलं. "चालंल की," अक्का म्हणाल्या. "लाडावलंय जरा." मग पाहुणीनं माझ्याकडं बघून विचारलं, हे कोण.

"हे आमचे सर," अक्का म्हणाल्या. "गणित शिकवतात."

मी पुढच्या शब्दांची वाट बघत उभा राहिलो. अक्कांनी पदर नीट केला आणि पाहुणीला चहाचं विचारलं.